पाणी पिवळं झालं, आता काय? रंग बदलणाऱ्या जंतू-चाचणीबद्दल गावोगावी विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांत पाण्याचे नमुने घेणारे जलसुरक्षक, आशाताई, बचत गटातल्या बाया आणि शाळेतले गुरुजी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नावरून ग्रामसभेत वाद होतो त्याचं उत्तर लांबलं आहे, बाकीची आटोपशीर आहेत.

ओटी चाचणीत पिवळं आलं की पाणी चांगलं म्हणता, आणि या बाटलीत पिवळं आलं की वाईट. हे कसं काय?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. ते क्लोरीन शोधतं. पाण्यात मोकळा क्लोरीन शिल्लक असेल तर थेंब टाकताच पिवळा रंग येतो. म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेलं आहे आणि अजून काम करतंय. हा रंग काही सेकंदांत दिसतो. मोकळा क्लोरीन बघायचा तर दहा सेकंदांच्या आतच बघावा, कारण नंतर येणारा रंग इतर पदार्थांना चिकटलेल्या क्लोरीनचाही असतो.

जंतूंच्या बाटलीत पाण्याच्या नमुन्यात चाचणीची पावडर टाकतात. तिथला पिवळा रंग चोवीस तास उबवल्यावर येतो, आणि तो जंतूंनी स्वतः तयार केलेला असतो. एक पिवळा औषधाचा, दुसरा रोगाच्या वाटेचा. म्हणून वहीत नुसतं ‘पिवळं आलं’ लिहू नका, कोणत्या चाचणीत आलं तेही लिहा. दोन महिन्यांनी ती वही दुसऱ्याच कुणाच्या हातात असते.

आणि ओटीचे थेंब जंतूंच्या नमुन्यात कधीही टाकू नका. ओटी विषारी आहे. ते टाकलेलं पाणी कुणी पिऊ नये, जनावरांच्या टाक्यातही ओतू नये.

दोन्हींत पिवळं आलं तर?

हे होऊ शकतं आणि त्याला कारणं असतात. टीसीएल नुकतंच टाकलं असेल आणि जंतू मरायला वेळच मिळाला नसेल. नमुन्याच्या बाटलीला हात लागला असेल. किंवा पाण्यात लोह, मँगनीज, नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही ओटी पिवळं दाखवू शकतं. जिथल्या हापशीचं पाणी भांड्याला तांबूस डाग पाडतं, तिथे या शेवटच्या कारणाचा आधी विचार करा.

त्या पावडरीत असतं तरी काय?

एक साखर आणि तिला रासायनिक बंधाने जोडलेलं एक रंगद्रव्य. जोडलेलं असेपर्यंत रंग दिसत नाही. हा बंध तोडायला ठरावीक विकर, म्हणजे एन्झाइम लागतं, आणि ते सगळ्या जंतूंकडे नसतं. ज्याच्याकडे असतं तो साखर तोडून खातो आणि रंगद्रव्य मोकळं होतं. अशा पदार्थाला सब्स्ट्रेट म्हणतात. कुलपाला एकच किल्ली लागावी तसं हे आहे: किल्लीवाला आत शिरला की दिवा लागतो.

बाटलीच्या चाचणीत साधारणपणे दोन सब्स्ट्रेट असतात. पहिला ओएनपीजी. त्यात गॅलॅक्टोज साखरेला नायट्रोफिनॉल जोडलेलं असतं. बीटा-गॅलॅक्टोसायडेज नावाच्या विकराने ते तुटलं की पाणी पिवळं होतं. कोलिफॉर्म गटातले जंतू दुधातली लॅक्टोज साखर पचवतात ती याच विकराने. दुसरा एमयूजी. त्यात ग्लुक्युरॉनिक आम्लाला मिथिलअम्बेलिफेरोन जोडलेलं असतं. हे तोडणारं बीटा-ग्लुक्युरोनिडेज विकर कोलिफॉर्म गटात मुख्यतः ई. कोलायकडे, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या आणि विष्ठेची खूण मानल्या जाणाऱ्या जंतूकडे असतं. मोकळं झालेलं द्रव्य साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं.

पावडरीतली चतुराई अशी की जंतूंना खायला मुख्यतः हेच ठेवलेलं असतं. ज्याला ही साखर तोडता येत नाही तो वाढत नाही, म्हणून बाकीच्या जंतूंची गर्दी होत नाही. एमयूजीने ई. कोलाय ओळखण्याची रीत फेंग आणि हार्टमन यांनी १९८२ साली मांडली. दोन्ही सब्स्ट्रेट एका बाटलीत घालून पिण्याच्या पाण्याची चाचणी स्टीफन एडबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी लॅक्टोजच्या नळ्या लावायच्या, उलट्या ठेवलेल्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा येतो का बघायचं, आला तर पुन्हा दुसऱ्या नळ्या लावायच्या, असं चालायचं. पक्का निकाल हाती यायला कधी कधी चार दिवस जायचे. तोवर गाव तेच पाणी पीत असे.

काही किटमध्ये पिवळं नाही, निळं किंवा जांभळं येतं. ते वेगळं आहे का?

तत्त्व तेच, फक्त रंगद्रव्य वेगळं. एक्स-ग्लुक नावाच्या सब्स्ट्रेटमधून सुटलेले दोन तुकडे हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने जोडले जातात आणि नीळ रंगाच्या कुळातलं द्रव्य बनतं. ते पाण्यात विरघळत नाही, जिथे तयार झालं तिथेच बसतं. म्हणून ताटलीतल्या माध्यमावर जंतूंच्या ठिपक्यांसाठी हेच सोयीचं पडतं. ताटलीत गुलाबी-लाल रंग देणारा गॅलॅक्टोजचा सब्स्ट्रेटही असेल, तर साधे कोलिफॉर्म गुलाबी ठिपके देतात आणि ई. कोलाय दोन्ही रंग मिळून गडद निळे-जांभळे. ओएनपीजीचा पिवळा रंग मात्र विरघळतो आणि बाटलीभर पसरतो. तिथे ठिपके मोजता येत नाहीत.

आपल्या किटवर कोणता रंग म्हणजे काय, हे त्याच किटच्या कागदावरून वाचा. शेजारच्या गावातल्या किटवरून ठरवू नका.

आमच्याकडे काळी पडणारी बाटली आहे. ती हीच चाचणी का?

नाही. ती हायड्रोजन सल्फाइडची, म्हणजे एचटूएस चाचणी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी ती १९८२ मध्ये मांडली आणि ती जगभर गेली. गावपातळीच्या कामात ती अजूनही भरपूर वापरली जाते, आणि वापरावी. तिला अतिनील दिवा लागत नाही, तापमानाचे नखरे कमी, आणि काळा रंग म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसतो.

पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. ई. कोलाय स्वतः सहसा हायड्रोजन सल्फाइड तयार करत नाही. काळा रंग आणतात ते आतड्यातलेच दुसरे जंतू, उदाहरणार्थ सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम. म्हणून एकाच विहिरीच्या पाण्यात काळी बाटली एक सांगेल आणि पिवळी-निळी दुसरं, यात एकीला खोटं पाडायचं कारण नाही. शिवाय ज्या बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास येतो, तिथे जंतू नसतानाही बाटली काळी पडू शकते. तिथे विकराची चाचणी जास्त भरवशाची.

“पाणी त काचावानी निव्वळ हाये, मंग जंतू कुठून आले?”

जंतू एवढे बारीक की मिलिलिटरमागे हजारो असले तरी पाणी नितळच दिसतं. गढूळपणा मातीचा, खारटपणा क्षारांचा, वास सडण्याचा. जंतू डोळ्याला, जिभेला, नाकाला लागत नाहीत. म्हणून तर हा रंगाचा खटाटोप. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

गाव हगणदारीमुक्त झालं. मग विष्ठा आली कुठून?

ग्रामसभेत यावरून आवाज चढतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे ई. कोलाय फक्त माणसाच्या पोटात नसतो. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा, सगळ्यांच्या आतड्यात असतो. चाचणी विष्ठा कुणाची ते सांगत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी विहिरीच्या ओट्यावर बैल धुतले आणि ओट्याला भेग असली, तर ते पाणी कुठे जातं हे बघायला दुर्बीण लागत नाही.

दुसरं, शौचालय बांधलं म्हणजे मैला नाहीसा झाला असं नाही, तो खड्ड्यात गेला. खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट लांब असावा असा ढोबळ नियम आहे. पण आपली जमीन ढोबळ नाही. पश्चिम विदर्भात काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक, आणि तो भेगाळलेला असला की भेगांमधून पाणी झपझप जातं. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट खाली उतरतं. तिथे ५० फूट पुरतीलच असं नाही. खड्डा विहिरीच्या चढाच्या बाजूला असेल तर अजूनच पंचाईत. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठच्या विहिरींत तलावाचं पाणी झिरपत येतं, आणि तलावात म्हशी डुंबत असतात.

तिसरं, बादली. सार्वजनिक विहिरीवर प्रत्येक जण आपापली बादली आणि दोर आणतो. भरलेली बादली ओट्यावर ठेवली जाते, दोर शेणामातीत लोळतो, आणि पुढच्या खेपेला तोच ओला दोर वीस फूट आत जातो. बाकी सगळं ठीक असून अहवाल वाईट येतो, तेव्हा आधी दोराकडे बघा.

फक्त पिवळं आलं, दिव्याखाली चमकलं नाही. म्हणजे विष्ठा नाही ना?

बहुधा नाही, पण निश्चिंत राहायलाही नको. कोलिफॉर्म गटात क्लेब्सिएला, एन्टरोबॅक्टर असे जंतू येतात, ते मातीत आणि पालापाचोळ्यातही राहतात. उघड्या विहिरीत पिंपळाची पानं पडतात, त्यामुळे नुसतं पिवळं येणं नवल नाही. पण नळाच्या, क्लोरीन टाकलेल्या पाण्यात पिवळं आलं तर ते नवल आहे. म्हणजे क्लोरीन कमी पडलं किंवा वाटेत कुठून तरी बाहेरचं पाणी आत शिरलं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात एकूण कोलिफॉर्मही सापडू नये असंच लिहिलेलं आहे.

पिवळं आणि चमकणारं, दोन्ही आलं तर वाद नको. विष्ठेचा अंश पाण्यात आला आहे असं धरून कामाला लागा.

नमुना कसा घ्यायचा?

नळ असेल तर तोंडावरचा फडका, पाइप, गाळणी काढा. धातूची तोटी असेल तर ज्योतीने शेका, प्लास्टिकची असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. हापशी असेल तर तेवढाच वेळ हापसा. विहिरीचा नमुना घरच्या बादलीने घेऊ नका. निर्जंतुक बाटलीला दोरी आणि वजन बांधून सोडा, बाटली पाण्याच्या पृष्ठभागाखाली जाऊ द्या आणि काठाला घासू देऊ नका.

बाटलीत तळाशी थोडी पांढरी पूड दिसेल, ती सोडियम थायोसल्फेट. ती क्लोरीनला निष्प्रभ करते, नाहीतर वाटेतही क्लोरीन जंतू मारत राहील आणि प्रयोगशाळेत पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. म्हणून बाटली विसळू नका. ‘स्वच्छ’ म्हणून विसळलेल्या बाटल्या हे फुकट गेलेल्या नमुन्यांचं मोठं कारण आहे. पाणी १०० मिलिलिटरच्या रेघेपर्यंतच भरा, हलवायला वर जागा लागते. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका आणि झाकण जमिनीवर ठेवू नका.

नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून त्याच दिवशी पाठवा. सहा तासांत पोचला तर उत्तम, चोवीस तासांच्या पुढे तर नकोच. सकाळच्या एसटीने गेलेली पेटी दुपारपर्यंत कंडक्टरच्या सीटखाली उन्हात राहिली, तर अहवाल कशाचा येणार? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. नमुने कोणत्या वारी घेतात ते आधी फोन करून विचारा, म्हणजे पेटी शनिवारी संध्याकाळी बंद दारासमोर पोचणार नाही.

पावडर टाकताच क्षणभर निळं दिसलं. ई. कोलाय इतक्या लवकर कसा सापडला?

सापडला नाही. काही पावडरींत पाण्यात क्लोरीन जास्त उरलेला असला की तशी निळी झलक येते. तो नमुना बाद समजा आणि थायोसल्फेट असलेल्या बाटलीत नवा घ्या. जंतूंचा रंग कधीही लगेच येत नाही.

गावात इन्क्युबेटर नाही. बाटली घरात ठेवली तर चालेल?

आपल्याकडे ते ऋतूवर आहे. या चाचणीला ३५ अंश सेल्सिअस लागतात, अर्धा अंश इकडे-तिकडे, चोवीस तास सलग. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. एवढ्या उष्णतेत कोलिफॉर्म वाढत नाहीत, काही मरतात. बाटली पांढरी राहते आणि लोक खूश होतात. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाकडे रात्री पारा दहाच्याही खाली येतो, तेव्हा जंतू नुसते पडून राहतात, तेव्हाही बाटली पांढरी. दोन्ही वेळा खोटा दिलासा.

थर्माकोलच्या पेटीत कोमट पाण्याच्या बाटल्या आणि एक थर्मामीटर ठेवून तापमान राखता येतं, फक्त रात्री उठून पाणी बदलावं लागतं. थर्मोस्टॅट असलेला अंडी उबवायचा डबा ३५ वर लावला तर उत्तमच. एचटूएसची छोटी कुपी फडक्यात गुंडाळून कमरेला बांधायची रीतही आहे, अंगाची ऊब पुरते. १०० मिलिलिटरची बाटली बांधून धान रोवता येणार नाही.

काही किट खोलीच्या तापमानावर चालतात, एक्स-ग्लुकच्या कप्प्यांच्या पिशवीसारखी. त्यांत थंडीत जास्त वेळ थांबायचं असतं: ३५ ते ४४ अंशांना २० ते २४ तास, २५ ते ३० अंशांना ४० ते ४८ तास. २५ च्या खाली त्यांनाही ऊब द्यावीच लागते. वहीत उबवण्याचं तापमान लिहायला एक रकाना आखा. तो रिकामा असेल तर पांढऱ्या बाटलीवर विश्वास ठेवू नका.

दोन दिवसांनी बघितलं तर पिवळं होतं. वाईटच धरायचं ना?

चोवीस तासांच्या बाटलीची मुदत जास्तीत जास्त २८ तास. रंग फिका वाटला तर २८ पर्यंत थांबता येतं. त्यानंतर आलेला पिवळा रंग कोलिफॉर्मचाच असेल असं सांगता येत नाही, दुसरे जंतू हळूहळू तो आणू शकतात. म्हणून बाटलीवर लावल्याची वेळ लिहा. बाजाराच्या दिवशी लावू नका, दुसऱ्या दिवशी बघायला कुणी घरी नसतं.

नोटा तपासायचा दिवा चालतो का?

३६५ नॅनोमीटरचा असेल तर चालतो. स्वस्त जांभळ्या टॉर्च बहुतेक ३९५ च्या असतात. त्या स्वतःच एवढा जांभळा उजेड टाकतात की साधं पाणीही चमकल्यासारखं वाटतं. अंधाऱ्या खोलीत, किटसोबत आलेल्या तुलनेच्या बाटलीशेजारी धरून बघा. आणि हा दिवा लहान पोरांच्या डोळ्यांवर मारू नका, शाळेत हे हमखास होतं.

किती जंतू आहेत ते कळतं का?

एका बाटलीत फक्त आहे की नाही एवढंच. संख्येसाठी नमुना भागांत वाटावा लागतो. ५१ खळग्यांच्या ट्रेमध्ये १०० मिलिलिटर वाटलं आणि त्यांतले किती पिवळे झाले ते मोजलं की तक्त्यावरून संभाव्य संख्या निघते. सगळेच खळगे पिवळे झाले तर उत्तर ‘२०० पेक्षा जास्त’, पुढचं सांगता येत नाही. पाच कप्प्यांच्या पिशवीत १, ३, १०, ३० आणि ५६ मिलिलिटर असे असमान भाग असतात, तोच हिशोब.

संख्या कामाची असते ती प्राधान्य ठरवायला. गावात चार विहिरी आहेत, एकीत १०० मिलिलिटरमागे ५ आणि दुसरीत शंभरच्या वर, तर आधी कुठे जायचं ते स्पष्ट आहे. मानकाच्या हिशोबाने दोन्ही नापास.

ही चाचणी कॉलरा, कावीळ, सगळं पकडते का?

नाही. ती रोगाचा जंतू शोधत नाही, विष्ठेची खूण शोधते. विष्ठा आली असेल तर तिच्याबरोबर कुणाचा रोगही आला असू शकतो, एवढाच तर्क. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलऱ्याची साथ आली आणि माणसं दगावली. अशा साथीत रुग्णांची तपासणी वेगळी होते, तिथे ही बाटली पुरत नाही. तिचं काम साथीच्या आधीचं.

मर्यादा आणखीही आहेत. बहुतेक ई. कोलायकडे ग्लुक्युरोनिडेज असतं, सगळ्यांकडे नाही. ओ१५७ नावाचा घातक प्रकार बहुधा त्याच्याशिवायच असतो, त्यामुळे तो या दिव्याखाली चमकत नाही. उलट शिगेलाचे काही प्रकार चमकतात, पण ती चूक कुणाला महागात पडत नाही. काविळीचे विषाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी क्लोरीनला ई. कोलायपेक्षा जास्त तग धरतात, म्हणून पांढरी बाटली म्हणजे तेही नाहीत असं होत नाही.

अहवाल चांगला आहे, तरी पाण्याने दात पिवळे-तपकिरी पडतात.

तो फ्लोराइडचा विषय, यवतमाळ-चंद्रपूरकडे ओळखीचा. ही चाचणी फ्लोराइड, नायट्रेट, खारपाणपट्ट्यातले क्षार, यांतलं काहीही सांगत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणी वेगळी करा. फ्लोराइड उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं.

आम्ही थंड पाण्याचे कॅन घेतो, आरओचं आहे. ते कशाला तपासायचं?

तेच तर तपासा. आरओमधून निघालेल्या पाण्यात सहसा क्लोरीन उरत नाही. मग ते ज्या कॅनमध्ये भरलं, ज्या गाडीवर आलं, ज्या नळकांडीतून लग्नात ग्लासात पडलं, तिथली घाण मारायला काहीच शिल्लक नसतं. नमुना कॅनच्या तोटीतून घ्या, दुकानाच्या मशीनमधून नको. पितो आपण तोटीतलं.

टाकीचा नमुना चांगला आला, घरच्या नळाचा वाईट. चूक कुणाची?

मधल्या पाइपची. दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या गावात बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. पाइप नालीतून गेला असेल आणि सांधा गळका असेल, तर दाब नसताना नालीतलं पाणी आत येतं. त्यात कुणी नळाला थेट टुल्लू पंप जोडला की तो नालीचं पाणी ओढूनच घेतो, आणि ते शेजाऱ्याच्या घरी पोचतं. व्हॉल्व्हच्या कुंड्या बघा, त्यांत पाणी तुंबलेलं असतं. पाणी सुटल्यावरचा पहिला नमुना आणि पंधरा मिनिटांनंतरचा दुसरा असे दोन नमुने घेतले तर फरक दिसतो. ओटीही टाकीपाशी आणि शेवटच्या घरी, दोन्हीकडे करा. शेवटच्या घरी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा क्लोरीन उरला पाहिजे.

बाटली चमकली. त्याच दिवशी काय करायचं?

पिण्यापुरतं पाणी खळखळून उकळायला किंवा आरोग्य केंद्रातलं क्लोरीनचं औषध टाकायला सांगा. मग विहिरीत टीसीएल टाका. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले १०००, हे झाले लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली विहिरीत सोडून खालीवर हलवा. तासभर पाणी काढू देऊ नका. मग ओटी करा. पिवळं आलं नाही तर मात्रा कमी पडली, पावसाळ्यात गढूळ पाण्याला जास्तच लागते. किंवा पोतं महिनोन् महिने उघडं पडून पावडरीतला क्लोरीन उडून गेला आहे. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातल्या त्या ढेकळं झालेल्या पोत्यावर माझा तरी विश्वास नाही.

चार-पाच दिवसांनी पुन्हा नमुना घ्या. पुन्हा चमकला तर टीसीएल वाढवत बसू नका. ओट्याची भेग, शोषखड्डा, दोर आणि सांडपाण्याची डबकी यांच्या मागे लागा.

सरपंच म्हणतात, वाईट अहवाल कळवला तर लाल कार्ड मिळेल.

लाल, पिवळं, हिरवं कार्ड पाण्याच्या स्रोताच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ठरतं, तुमच्या एका बाटलीवरून नाही. गावात केलेली चाचणी म्हणजे प्राथमिक इशारा, अधिकृत निकालासाठी नमुना प्रयोगशाळेत जातोच. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं ते गावाला लवकर कळावं म्हणून. ताई, तुम्ही तारीख, ठिकाण आणि रंग लिहून सही करा आणि प्रत स्वतःकडे ठेवा. बाकीचं सरपंचांचं काम आहे, ते त्यांना करू द्या.

झालेल्या बाटलीचं काय करायचं?

पिवळ्या बाटलीत आता मूळ पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त जंतू आहेत, तुम्हीच ते वाढवले. नालीत, अंगणात ओतू नका. आत भरपूर ब्लीचिंग पावडर टाकून किमान अर्धा तास ठेवा, मग शौचालयात ओता. हात साबणाने धुवा. बाटली पुन्हा तेल-लोणच्यासाठी वापरू नका, हे सांगावं लागतं.

पावडर खराब झाली आहे का, हे कसं कळेल?

मुदतीची तारीख बघा. पुडी ओलसर, गोळा झालेली किंवा आधीच पिवळसर असेल तर फेकून द्या. शंका असेल तर नव्या खोक्यातल्या दोन पुड्या तपासणीसाठी खर्ची घाला. एका निर्जंतुक बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, दुसरीत तेच पाणी आणि त्यात नालीचा एक थेंब. चोवीस तासांनी पहिली पांढरी राहिली पाहिजे आणि दुसरी पिवळी होऊन दिव्याखाली चमकली पाहिजे. पहिली पिवळी झाली तर तुमचे हात किंवा बाटल्या अस्वच्छ. दुसरी पांढरी राहिली तर पावडर किंवा उबवण बिघडली आहे, आणि त्या खोक्यातून आधी आलेले ‘चांगले’ निकाल वहीत खोडून ते नमुने पुन्हा घ्यायचे.